कलपाच्या पुडीवरचा कायदा

मेंदी काळी नसते. कितीही बारीक वाटा, चहाच्या पाण्यात कालवा, रात्रभर लोखंडी कढईत ठेवा. तिच्या पानातले लॉसोन हे द्रव्य केसांना देते तो रंग तांबूस, फार तर तपकिरी. आपल्या आज्यांना हे पक्के ठाऊक होते. केस काळेच करायचे असले की त्या माका, आवळा, हिरडा आणि लोखंड यांच्याकडे वळत. लोह आणि हिरड्यातले टॅनिन एकत्र आले की काळेपणा येतो. जुन्या काळची शाईही याच जातीच्या संयोगातून होत असे. तेव्हा 'काळी मेंदी' अशी अक्षरे आणि हिरव्या पानाचे चित्र मिरवणारी जी पुडी आज गावोगावच्या टपऱ्यांवर शाम्पूच्या आणि तंबाखूच्या पुड्यांशेजारी लोंबत असते, तिच्या नावापासूनच घोळ सुरू होतो. वीस-तीस मिनिटांत केस काळेभोर करणारी वस्तू नुसती मेंदी असूच शकत नाही. पुडीत मेंदीची पूड असते, नाही असे नाही. पण काम करते ते बहुतेक वेळा पॅराफिनिलीनडायमाइन नावाचे रसायन. डॉक्टर मंडळी त्याला पीपीडी म्हणतात. कलप लावून सुजलेल्या चेहऱ्यांची कहाणी मुख्यतः या पीपीडीची आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे चारोटी बहुतेकांना माहीत असते ते टोलनाक्यामुळे, डहाणूच्या फाट्यामुळे, नाहीतर जवळच्या महालक्ष्मीच्या यात्रेमुळे. २०२२ च्या सप्टेंबरात सूर्या नदीच्या पुलावरील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री मृत्युमुखी पडले, तेव्हा चार दिवस हे नाव देशभर गाजले आणि मग विसरले गेले. या रस्त्याने माझे जाणे-येणे असते. फाट्यावर आणि पुढे कासा, तलासरीच्या बाजारात पत्र्याच्या शेडमधली लहान लहान सलून आहेत. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, कोपऱ्यात देवाचा फोटो. दाढीच्या वाटीशेजारीच कलप कालवण्याची वाटी असते, आणि क्वचित दोन्हींचे काम एकाच वाटीत होते. गिऱ्हाईक म्हणजे ट्रकचालक, बागेतला वाडीकामगार, कंपनीच्या पाळीला जाणारा, लग्नाला निघालेला वरबाप. यांतल्या कोणाला नटण्याची हौस म्हणून हसण्याचे कारण नाही. मजूर निवडताना मुकादमाची नजर आधी केसांवर जाते, हे मला एकाहून अधिक जणांनी सांगितले. चाळिशी उलटलेल्या माणसाला दहा-वीस रुपयांची पुडी हा पोटापाण्याचा खर्च वाटतो. त्यात लाजण्यासारखेही काही नाही.

कलप लावला त्या रात्री काही होत नाही. इथेच माणूस फसतो. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी डोक्याला कंड सुटते, कानामागे आणि मानेवर पुरळ उठते, त्यातून लस वाहू लागते आणि पापण्या अशा फुगतात की सकाळी डोळे उघडत नाहीत. कलप डोक्याला लावला आणि सूज डोळ्यांवर आली, म्हणून त्या दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण साधे आहे: डोक्याची कातडी जाड, पापणीची सर्वांत पातळ. मग निदान होते ते 'पित्त उठले', 'उष्णता भडकली' किंवा 'काहीतरी चावले' असे. महिना-दीड महिना जातो, मुळाशी पुन्हा पांढरे दिसू लागते, पुन्हा पुडी येते. दुसऱ्या खेपेची सूज पहिलीपेक्षा मोठी असते.

'मी दहा वर्षे हाच कलप लावतो, मला काही होत नाही' हे वाक्य प्रत्येक सलूनमध्ये ऐकू येते. वैद्यकाच्या दृष्टीने त्या वाक्याला काडीचा अर्थ नाही. पीपीडीचा रेणू इतका लहान असतो की तो कातडीच्या वरच्या थरातून सहज आत उतरतो आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतो. शरीराची संरक्षक यंत्रणा त्या जोडगोळीला एखाद्या दिवशी परकी ठरवते. तो दिवस पहिल्या वापरानंतरचा असेल, पन्नासाव्याही असेल. एकदा ओळख पटली की ती सहसा जन्मभर पुसली जात नाही, आणि मग पुढच्या प्रत्येक वेळी पेशींची फौज जमून हल्ला चढवायला एक ते तीन दिवस घेते. गांधीलमाशी चावल्यावर मिनिटांत येणारी सूज निराळी आणि ही निराळी. या उशिराने येणाऱ्या सुजेचे वेळापत्रक वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे कायद्याचे घोडे नेमके तिथेच अडते.

हे रसायन काही परग्रहावरून आलेले नाही. चारोटीच्या नैर्ऋत्येला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि उत्तरेला याच महामार्गावर वापी. दोन्हीकडे रंग आणि रंगांची कच्ची रसायने बनतात. पीपीडी त्याच कुळातले, मुळात डांबराच्या रसायनशास्त्रातून जन्मलेले. टायरच्या रबराला तडे जाऊ नयेत म्हणून याच कुळातली रसायने घालतात, आणि गोळी अडवणारे केव्हलारचे जाकीट ज्या धाग्याचे होते तो धागा बनवायलाही पीपीडी लागते. केसांसाठी त्याचा गुण असा की ते स्वतः जवळजवळ रंगहीन असते. हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या द्रव्याशी गाठ पडली की केसाच्या आत त्याचे मोठे, रंगीत रेणू होतात आणि ते बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून रंग धुऊन जात नाही. पॅरिसमध्ये यूजेन शुएलर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास असा कलप विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढे लोरियाल झाली. त्याच सुमारास जर्मनीने मात्र पीपीडीला केसांच्या कलपात बंदी केली होती. पुढे युरोपच्या सामाईक नियमांखाली ते तिथेही परतले, कारण इतका टिकाऊ काळा रंग इतक्या स्वस्तात देणारे दुसरे काही शतकभरात हाती लागलेले नाही.

आता पुडीवरच्या कायद्याकडे वळू. आपल्याकडे कायदा नाही असा समज असेल तर तो चुकीचा आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील १९४५ च्या नियमांत १४९ क्रमांकाचा नियम खास कलपासाठी होता. २०२० च्या डिसेंबरात सौंदर्यप्रसाधनांची स्वतंत्र नियमावली आली, तिनेही तो इशारा जवळपास तसाच उचलला. इशारा असा: यातील घटकांमुळे काहींच्या त्वचेचा दाह होऊ शकतो, म्हणून आधी सोबतच्या सूचनांप्रमाणे चाचणी करावी, भुवया आणि पापण्या रंगवण्यासाठी हे वापरू नये, तसे केल्यास अंधत्व येऊ शकते. हा मजकूर इंग्रजीत आणि स्थानिक भाषांत, आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही वेष्टनांवर हवा.

भुवया आणि पापण्याच का? त्यामागे एक अमेरिकी शोकांतिका आहे. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिथे 'लॅश लूर' नावाचा पापण्या रंगवण्याचा कलप विकला जाई. त्यात पीपीडीच्या जातीचे रसायन होते. १९३३ मध्ये त्याने अंध झालेल्या स्त्रियांची प्रकरणे पुढे आली. एकीचा मृत्यूही झाला. सरकारचे हात बांधलेले होते, कारण १९०६ च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधने येतच नव्हती. अखेर १९३८ मध्ये नवा कायदा झाला, आणि त्यातली गंमत अशी की डांबरजन्य कलपांवर बंदी आली नाही. उलट इशारा छापला तर त्यांना सूट मिळाली. तो छापायचा इशारा आणि आपल्या नियमातला इशारा समोरासमोर ठेवले तर वाक्येच्या वाक्ये जुळतात. थोडक्यात, १९३३ साली अमेरिकेत आंधळ्या झालेल्या बायकांसाठी लिहिलेला मजकूर आज चारोटीच्या टपरीवर लोंबतो आहे.

त्यात वाईट काही नाही. चांगला मजकूर कोठूनही घ्यावा. पण उसन्या अंगरख्याला आपले माप नसते. अमेरिकेतल्या त्या स्त्रियांना मिशा नव्हत्या, म्हणून इशाऱ्यात मिशीचा उल्लेख नाही. आपल्याकडे कलपाची निम्मी पुडी मिशीवर आणि दाढीवर खर्च होते. वरच्या ओठाची कातडी पातळ, त्यातून नुकताच वस्तरा फिरलेला, बारीक ओरखडे उघडे. त्यावर ओला कलप वीस मिनिटे. त्वचेत रसायन शिरायला याहून सोयीची वाट कोणती?

दुसरे माप वेळेचे. नियमातली चाचणी अशी आहे: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा भाग धुऊन तिथे तयार कलप लावा, वाळू द्या, चोवीस तासांनी धुवा, लाली किंवा आग नसली तर हरकत नाही असे समजा, आणि हे प्रत्येक वेळी करा. एकतर सलूनच्या खुर्चीत बसलेल्या, बाहेर ट्रक उभा असलेल्या माणसाला 'उद्या या' असे कोण सांगणार? पण समजा सांगितले. ज्या ॲलर्जीला रंग दाखवायला कधी दोन, कधी तीन दिवस लागतात, तिची परीक्षा चोवीस तासांत संपते. त्वचारोगतज्ज्ञ हीच तपासणी पाठीवर पट्टी लावून करतात तेव्हा ती दोन दिवसांनी काढतात आणि त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. युरोपात कलपाच्या पाकिटांवर आता अठ्ठेचाळीस तास लिहिलेले असते. घरी करायच्या या चाचण्या खोटा दिलासा देऊ शकतात, आणि वारंवार केल्या तर त्यांच्यामुळेच ॲलर्जी जडू शकते, अशी शंका युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००७ मध्येच मांडली होती. आपल्या पुडीवर चोवीस तासच राहिले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. प्रसाधनाच्या वेष्टनावर घटकांची यादी हवी, असे नियम सांगतात. मात्र तीस ग्रॅमहून कमी वजनाच्या घन वस्तूला आणि साठ मिलिलिटरहून कमी द्रवाला त्यातून सवलत आहे. लहान पाकिटावर जागा नसते, हा युक्तिवाद लिपस्टिकपुरता समजू शकतो. पण कलपाची गावाकडची पुडी तीस ग्रॅमच्या आतच असते. म्हणजे शहरातला खोका घेणाऱ्याला घटक वाचण्याचा हक्क आणि पुडी घेणाऱ्याला हिरव्या पानाचे चित्र! काही कंपन्या सवलत असूनही यादी छापतात, हे त्यांच्या श्रेयाचे. पण ती छापतात केवढ्या अक्षरांत? चारोटीत पाहिलेल्या पुड्यांवर ती वाचायला मला चष्मा काढून पुडी नाकापर्यंत आणावी लागली. इंग्रजी आणि हिंदी मजकूर सापडला. मराठी शोधावी लागली. आणि नियमातली 'स्थानिक भाषा' या पट्ट्यात नेमकी कोणती, हाही प्रश्नच आहे. डहाणू-तलासरीत घरी वारली बोलतात, बाजारात मराठी आणि गुजराती चालते, ट्रकवाल्याशी हिंदी.

शिवाय सलूनमध्ये गिऱ्हाईक पुडी पाहतच नाही. कारागीर ती दातांनी फाडतो, वाटीत रिकामी करतो, वेष्टन केरात जाते. इशाऱ्याचा सगळा डोलारा 'विकत घेणारा, वाचणारा आणि लावून घेणारा माणूस एकच आहे' या गृहीतावर उभा आहे. इथे ती तीन निरनिराळी माणसे आहेत. प्रसाधने बनवायला परवाना लागतो. विकायला औषध दुकानासारखा परवाना लागत नाही. त्यामुळे अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाची पायरी टपरीला लागण्याचे प्रसंग विरळाच.

आणि त्या कारागिराचे काय? गिऱ्हाईक महिन्यातून एकदा कलप लावते, तो दिवसातून पाच वेळा कालवतो. केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हातांचा इसब जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या परिचयाचा आहे. पुडीसोबत कधी कधी प्लास्टिकचे पातळ मोजे येतात, ते पहिल्या डोक्यातच फाटतात. नायट्रिल रबराचे मोजे त्यातल्या त्यात बरे. पण त्यांची किंमत पुडीच्या किमतीत बसवायची कशी, हे त्या दोन खुर्च्यांच्या मालकाला विचारा. बोटांच्या पेरांना भेगा पडलेला कारागीर साबणाला दोष देतो. ज्याचे हातच गेले त्याचा धंदा गेला.

या साऱ्याची मोजदाद कुठे होते का? औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. टपरीवरच्या पुडीने मिटलेले डोळे तिथवर पोचण्याची वाट फार लांबची. युरोपात प्रसाधनाच्या गंभीर दुष्परिणामाची खबर सरकारला देणे २०१३ पासून उत्पादकांवर बंधनकारक आहे. अमेरिकेने तसा कायदा २०२२ मध्ये केला. आपल्याकडे अशा नोंदीअभावी 'तक्रारीच नाहीत' असे म्हणण्याची सोय राहते. त्यात आपल्या सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही. कपाळावर, कानांच्या पाळ्यांपुढे आणि मानेवर हळूहळू राखाडी-काळा थर चढतो, आणि शेतात राबणाऱ्या माणसाचे तोंड काळवंडले तर दोष उन्हाला जातो.

कधी उलटेही होते. कोलकात्यात रसायनांमुळे अंगावर पांढरे डाग पडलेल्या ८६४ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांच्या डागांमागे केसांचा कलप निघाला. टिकलीचा चिकटा आणि रबरी चपलाही त्या यादीत होत्या. हे डाग म्हणजे ॲलर्जीचे सख्खे नव्हेत, चुलत भावंड. पण कपाळावर पांढरा डाग दिसला की आपल्या समाजात त्याचे नाव 'कोड' पडते आणि घरातल्या मुलीचे लग्न अडते. वैद्यकीय पुस्तकात नसलेला हा दुष्परिणाम सर्वांत महाग.

उपचाराची तऱ्हाही सांगायला हवी. कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि गंभीर रुग्ण घेऊन या भागातले लोक सिल्वासाच्या नाहीतर वलसाडच्या दवाखान्यांकडे धाव घेतात. खाजेसाठी मात्र कोणी इतक्या दूर जात नाही. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली जाते. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक असा काला एकाच ट्यूबमध्ये. चेहऱ्यावर लावण्याची बरीच स्टेरॉइड मलमे केंद्र सरकारने २०१८ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. ती मनाई गावच्या गल्ल्यावर किती पाळली जाते, हे वाचकांनी आपल्याच गावात पाहावे. ट्यूबने सूज उतरते, म्हणून कलपही सुरू राहतो आणि ट्यूबही.

मुलांचा मुद्दा या सर्वांपेक्षा तातडीचा आहे. जत्रांतून, लग्नांतून साच्याने झटपट काळी नक्षी उमटवून देणारी मंडळी बसतात. हातावरची ती काळी 'मेंदी' पुष्कळदा कलपाचीच पूड असते, आणि तिच्यात पीपीडी किती घालायचे याला धरबंध नसतो. युरोपात कलपातले प्रमाण मिसळल्यानंतर दोन टक्क्यांवर बांधलेले आहे. अशा नक्षीच्या मिश्रणांत त्याच्या कित्येक पट आढळले आहे. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या हातावर ते एकदा लागले आणि तिच्या शरीराने त्याची ओळख ठेवली, की वीस वर्षांनी पहिला पांढरा केस झाकायला ती कलप लावील तेव्हा हिशेब चुकता होईल. ब्रिटनमध्ये यॉर्कशायरमधील एका महिलेचे असेच झाले. आधी काळ्या मेंदीची नक्षी काढलेली, पुढे २०११ मध्ये घरी कलप लावल्यावर ती कोसळली आणि वर्षभराने गेली. मृत्यू अर्थात अतिशय विरळा, त्याची भीती घालण्यात अर्थ नाही. पण तिकडच्या पाकिटांवर आज 'सोळा वर्षांखालील व्यक्तींसाठी नाही' आणि 'काळ्या मेंदीच्या नक्षीमुळे ॲलर्जीचा धोका वाढू शकतो' अशी दोन वाक्ये असतात. मूळ मेंदी आपली; ती दोन वाक्ये मात्र आपल्या नियमातल्या इशाऱ्यात नाहीत.

बंदीची मागणी मी करणार नाही. बंदी आली की पुडी जाणार नाही, फक्त पुडीवरचे नाव-गाव जाईल. पण ज्या वस्तूत पीपीडी आहे तिच्या दर्शनी बाजूवर 'मेंदी' हा शब्द आणि पानाचे चित्र छापू देऊ नये, एवढे तर दिल्लीत बसून करता येते. तीस ग्रॅमची सवलत कलपापुरती काढावी. सुजलेल्या पापण्यांचे एक चित्र छापले तर कोणती स्थानिक भाषा हा वादही उरत नाही. तंबाखूच्या पुडीवर तसले चित्र आपण छापतोच, आणि ती पुडी कलपाच्या शेजारीच टांगलेली असते. सलूनवाल्यांना या कामात सामील करून घेणे त्याहून सोपे. नाभिक समाजाच्या संघटना तालुक्या-तालुक्यांत आहेत. 'मागच्या वेळी खाज आली होती का?' हा एकच प्रश्न खुर्चीत बसवताना विचारला तरी दुसऱ्या खेपेची मोठी सूज टळेल, आणि कारागिराचे भांडणही टळेल. ज्याला एकदा त्रास झाला त्याला मेंदीवर निळीच्या पानांची पूड लावण्याचा जुना मार्ग आहे. त्याला काही तास लागतात, रंगही थोडा निळसर येतो, आणि पुडीवर 'निव्वळ' लिहिले म्हणून ती निव्वळ असतेच असे नाही.

एक गोष्ट डॉक्टरांच्या लिखाणात येते पण रुग्णापर्यंत पोचत नाही. पीपीडीला बिथरलेले शरीर त्याच्या नात्यातल्या इतर द्रव्यांनाही बिथरू शकते: जागा बधिर करण्याच्या जुन्या औषधांतले प्रोकेन, तोंडाच्या आणि मूळव्याधीच्या काही मलमांतले बेंझोकेन, काही सल्फा औषधे, गडद कपड्यांचे काही रंग. म्हणून कलपाने कधी डोळे सुजले असतील तर दात काढायला बसताना ते सांगावे, आणि सरकारी दवाखान्यात पाच मिनिटांत नाव-वय लिहून मिळणाऱ्या केसपेपरच्या कोपऱ्यात 'कलपाची ॲलर्जी' एवढे दोन शब्द लिहून घ्यावेत.